थंड प्लाझ्मा : कॅन्सरवर आशा आहे, पण अजून औषध नव्हे

'प्लाझ्मा' हा शब्द तुम्ही कोरोनाच्या दिवसांत, २०२० साली, पुष्कळ ऐकला असेल. बरा झालेल्या माणसाच्या रक्तातला तो पिवळसर पातळ भाग. तो मिळावा म्हणून नातेवाईक मंडळी या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत धावत होती. आज ज्या प्लाझ्माविषयी सांगायचे आहे तो हा नव्हे. नाव एक, पण वस्तू अगदी निराळी. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण नावाच्या घोटाळ्यात माणूस पुढे कुठल्या कुठे वाहवत जातो.

हा दुसरा प्लाझ्मा विजेपासून तयार होतो. त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि मोबाइलवरून गावोगाव फिरतात. ज्याच्या घरी कॅन्सरचा रोगी आहे, त्याच्या जिवाची तगमग दुसऱ्याला कळायची नाही. तो अशी बातमी वाचतो आणि म्हणतो, "हे कुठे मिळते? किती पैसे लागतील?" म्हणून यात खरे किती, आणि आज आपल्या उपयोगाचे किती, हे नीट समजून घेऊ.

वीज, वेल्डिंग आणि ट्यूबलाइट

बर्फ तापवला की पाणी होते, पाणी तापवले की वाफ होते, हे शाळेतले पोरही सांगेल. वायूला याहून अधिक शक्ती दिली, म्हणजे जोरदार विजेच्या दाबाखाली आणला, की त्याचे अणू फुटू लागतात. फुटतात म्हणजे त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा सुट्या विद्युत्‌कणांनी भरलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव १९२८ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दिले. रक्तातल्या पातळ भागात जशा पेशी वाहतात तसे या वायूत विद्युत्‌कण वाहतात, यावरून त्यांना ते नाव सुचले, असे त्यांचे सहकारी सांगत. घोटाळ्याचे मूळ तिथलेच!

प्लाझ्मा तुम्ही रोज पाहता. आभाळात चमकते ती वीज प्लाझ्माच. ट्रॉलीला वेल्डिंग करताना जो डोळे दिपवणारा जाळ दिसतो तो प्लाझ्मा. जुन्या ट्यूबलाइटच्या नळीत उजेड पाडतो तोही प्लाझ्माच. पण वेल्डिंगच्या जाळाने लोखंड वितळते आणि चालू ट्यूबलाइटला हात लावला तर ती जेमतेम कोमट लागते. नळीतले इलेक्ट्रॉन फार तापलेले असतात, पण ते इतके हलके असतात की बाकीचा वायू त्यांच्याने तापत नाही. यालाच थंड प्लाझ्मा म्हणायचे.

दवाखान्यातले यंत्र याच तत्त्वावर चालते. पेनसारखी एक नळी असते. तिच्यातून आर्गॉन किंवा हेलियम वायू सोडतात आणि आत विजेचा जोराचा, झटपट दिशा बदलणारा दाब देतात. टोकातून निळसर-जांभळी बारीक ज्योत बाहेर येते. ज्योत म्हणायची, पण बोट धरले तर भाजत नाही.

मग ही न भाजणारी ज्योत पेशी मारते कशी? ज्योत बाहेरच्या हवेत शिरली की हवेतला प्राणवायू आणि नत्र यांची मोडतोड होऊन ओझोन, नत्राची ऑक्साइडे, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल द्रव्ये तयार होतात. वीज कडाडून गेल्यावर हवेला जो एक तिखट वास येतो, तो ओझोनचा. विजा चमकून पडलेल्या पावसाने पीक तरारते असे जुनी माणसे म्हणतात. त्यातही तथ्य आहे, कारण विजेमुळे हवेतला नत्र थोडाफार पाण्यात उतरतो. (म्हणून युरियाची गोणी आणायची राहू देऊ नका, ते प्रमाण फार थोडे असते.)

भरलेली गाडी

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अशी जहाल द्रव्ये थोड्या प्रमाणात स्वतःच बनवते आणि स्वतःच निस्तरते. कॅन्सरची पेशी मात्र बेसुमार वाढत असते. तिच्यात ही द्रव्ये आधीच जास्त साठलेली असतात. काठोकाठ उसाने भरलेल्या बैलगाडीसारखी तिची अवस्था असते. निम्म्या भरलेल्या गाडीत आणखी दोन मोळ्या टाकल्या तर काही बिघडत नाही, पण भरलेल्या गाडीत टाकल्या तर आस मोडतो. प्लाझ्मा या दोन मोळ्या टाकतो. निरोगी पेशी तो भार सोसते, कॅन्सरची पेशी मोडते. शिवाय मरताना ती अशा काही खुणा सोडते की शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग अडले कुठे? शत्रू मरतो, मित्र वाचतो, आणखी काय हवे?

गव्हात २-४-डी मारले की रुंद पानाचे तण जळते आणि गहू उभा राहतो. पण तेच औषध वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेवर गेले तर काय होते, हे नाशिक जिल्ह्यातल्या बागाईतदाराला सांगायला नको. आणि मात्रा वाढली तर गहूसुद्धा मार खातो. थंड प्लाझ्माचेही तसेच आहे. निवडून मारण्याचा त्याचा गुण मात्रेवर अवलंबून आहे. ज्योत किती वेळ धरली, किती लांबून धरली, वायू कोणता, हवेत दमटपणा किती, यावर परिणाम बदलतो. प्रत्येक कॅन्सर आणि प्रत्येक निरोगी पेशी यांचा प्रतिसादही सारखा नसतो. जी.ए.चे द्रावण किती पी.पी.एम.चे करायचे आणि घड कोणत्या अवस्थेत बुडवायचे, हे ठरायला आपल्या बागाईतदारांना किती हंगाम घालवावे लागले! इथे तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

लासलगावचे किरण आणि ही ज्योत

दुसरी अडचण समजून घ्यायला लासलगावला जाऊ. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. कोबाल्ट-६० या धातूतून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याला मोड येत नाहीत. २००७ साली आपला आंबा अमेरिकेत गेला तोही इथूनच किरण खाऊन. या किरणांचे वैशिष्ट्य असे की माल खोक्यात बंद असला तरी ते आरपार जातात. दवाखान्यात कॅन्सरच्या रोग्याला जे किरणोपचार देतात, ज्याला आपल्याकडे कोणी 'शेक' म्हणते, कोणी 'लाईट', तिथेही जुन्या यंत्रांत हाच कोबाल्ट असे. पोटातल्या गाठीपर्यंत किरण पोचतात ते या आरपार जाण्याच्या गुणामुळे.

थंड प्लाझ्माला हा गुण नाही. त्याचे काम वरच्या थरावर चालते, फार तर काही मिलिमीटर खोल. कांद्याच्या वरच्या पापुद्र्यावर फुंकर घातल्यासारखे. कातडीवरची जखम, तोंडातला उघडा व्रण, शस्त्रक्रिया करून गाठ काढल्यावर उरलेली जागा, एवढ्यांपर्यंत ज्योत नेता येते. यकृतातल्या किंवा फुफ्फुसातल्या गाठीला ती बाहेरून शिवतही नाही.

म्हणून आजवर माणसांवर जे काम झाले ते उघड्या जागीच झाले. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड नावाचे गाव आहे. तिथे तयार झालेल्या प्लाझ्मा-पेनला जखमांच्या उपचारासाठी २०१३ साली युरोपात मान्यता मिळाली. मधुमेहाने पायाला झालेल्या, लवकर न भरणाऱ्या जखमांवर त्याचा चांगला उपयोग झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ज्या घरात शुगरचा रोगी आहे त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

त्याच गावातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरचे, रोग फार पुढे गेलेले, काही रोगी घेतले. गाठ फुटून वर आलेली, तीत जंतू झालेले, दुर्गंधी इतकी की घरचे माणूसही जवळ बसायला कचरते, अशी त्यांची दशा होती. प्लाझ्माची ज्योत फिरवल्यावर काहींची दुर्गंधी कमी झाली, वेदनाशामक औषध कमी लागू लागले. ६ रोग्यांचा एक अहवाल २०१८ साली आला. त्यांतल्या दोघांची गाठ काही अंशी आक्रसली आणि काही महिने तशी राहिली. कोणाचा कॅन्सर मुळापासून गेला असे ते डॉक्टर म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. मला स्वतःला यात दुर्गंधी कमी होण्याची गोष्ट मोठी वाटते. शेवटच्या दिवसांत नातवंड जवळ येऊन बसले, तर ते सुख यंत्राने मोजता येत नाही.

अमेरिकेत डॉ. जेरोम कॅनडी यांनी निराळी वाट धरली. शल्यविशारदाने गाठ काढायची आणि गाठ होती त्या जागेवर थंड प्लाझ्मा फवारायचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी मराव्यात. तिथल्या सरकारी खात्याने २०१९ साली परवानगी दिली, २० रोग्यांवर पहिली चाचणी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष छापून आले. ही पहिली चाचणी होती. तिचा मुख्य प्रश्न 'हे निर्धोक आहे का' एवढाच होता. त्याचे उत्तर अनुकूल आले. याने आयुष्य वाढते का, याचे उत्तर २० माणसांत मिळत नसते.

ज्योत नको, पाणी घ्या

खोल गाठीपर्यंत ज्योत जात नाही, मग ज्योतीतली द्रव्ये पाण्यात उतरवून ते पाणी आत नेता येईल का? हा विचार जपानमधल्या नागोया विद्यापीठात जोरात झाला. हिरोमासा तानाका, मासारू होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी वाढवायच्या द्रवावर प्लाझ्मा धरला आणि तो द्रव मेंदूच्या कॅन्सरच्या पेशींवर घातला. पेशी मेल्या. बाजूच्या निरोगी पेशी त्या मानाने तगल्या. हे २०११ सालचे काम. २०१३ साली, नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कॅन्सरवर, उंदरांत या द्रवाची इंजेक्शने देऊन पाहिली, तेव्हा गाठींची वाढ मंदावली.

पुढे त्यांनी रिंगर लॅक्टेट घेतले. आपल्याकडे जुलाबाच्या रोग्याला बाटली लावतात आणि कोणतीही बाटली असली तरी सगळे तिला 'सलाईन'च म्हणतात, त्यांतलेच हे एक. त्यावर प्लाझ्मा धरला तर त्यातल्या लॅक्टेटचेच रूप बदलते आणि ते कॅन्सरच्या पेशींना मारक ठरते, असे २०१६ साली त्यांनी दाखवले. दवाखान्यात आधीपासून वापरात असलेला द्रव घेतला, ही त्यातली हुशारी. पोटात पसरलेल्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी या द्रवाने पोट आतून धुता येईल का, असा त्यामागचा हेतू आहे. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे क्रिस्तिना कनाल यांचा गट हाडाच्या कॅन्सरसाठी असा द्रव एका जेलमध्ये धरून ठेवण्याच्या खटपटीत आहे, म्हणजे तो जागेवर टिकून हळूहळू काम करील.

टिकणे हाच या पाण्यापुढचा मोठा प्रश्न आहे. त्यातले मुख्य द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर ते ओतले की फसफस फेस येतो, हे दवाखान्यात तुम्ही पाहिले असेल. तो फेस म्हणजे आपल्या रक्तातले आणि पेशींतले एक पाचकद्रव्य पेरॉक्साइडला तोडून त्याचे साधे पाणी आणि प्राणवायू करते. म्हणजे जे द्रव्य गाठीपर्यंत न्यायचे, ते रक्तात शिरले की गाठीला पोचण्याआधीच निकामी होऊ लागते. काचेच्या ताटलीतली कॅन्सरची पेशी मारणे आणि माणसाच्या अंगातली गाठ मारणे यांत किती अंतर आहे, ते या एका फेसावरून कळावे.

या कारणासाठीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उद्या कोणी दारात येऊन 'प्लाझ्मा-पाण्याची' बाटली दाखवून म्हणाला, रोज कपभर प्या, कॅन्सर जातो, तर ती घेऊ नका. प्यायलेले पाणी गाठीपर्यंत त्या गुणानिशी जातच नाही. पेरॉक्साइड पिणे घातक आहे. नायट्रेट-नायट्राइट जास्त असलेले पाणी तान्ह्या लेकराला किती वाईट, हे खताचा निचरा विहिरीत उतरतो त्या गावांतल्या लोकांनी ऐकले असेलच. नागोयाचे शास्त्रज्ञ स्वतः हे पाणी कोणाला पाजत नाहीत.

चाचणी कशाला हवी?

'डॉक्टर लोक चाचणी-चाचणी करत बसतात, तोवर रोगी जातो,' असा राग पुष्कळांच्या मनात असतो. तो राग खोटा नाही. पण दोन उदाहरणे सांगतो, दोन्ही आपल्या डोळ्यांदेखतची.

पहिले त्याच कोरोनाच्या रक्तातल्या प्लाझ्माचे. ते दिले तर रोगी वाचेल असे सगळ्यांना वाटत होते, डॉक्टरांनाही. महाराष्ट्र सरकारने २०२० साली त्यासाठी 'प्लॅटिना' नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर रीतसर तुलना केली. ज्यांना प्लाझ्मा दिला आणि ज्यांना दिला नाही, त्यांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. मे २०२१ मध्ये हा उपचार सरकारी मार्गदर्शनातून काढून टाकला. ज्या नातेवाइकांनी त्यासाठी रात्री जागवल्या, त्यांची माया खोटी नव्हती. उपचारच कामाचा नव्हता, आणि ते चाचणीवाचून कळले नसते.

दुसरे उदाहरण धाराशिव जिल्ह्याचे, तेव्हाच्या उस्मानाबादचे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तिथल्या खेड्यापाड्यांतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एच.पी.व्ही. ही तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली जगाला कळले. कळले ते आपल्याच शेतकरी आयाबहिणींमुळे. थंड प्लाझ्माला या कसोटीतून अजून जायचे आहे. तो पहिल्या पायरीवर आहे.

आपल्या देशात काय चालले आहे? गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत थंड प्लाझ्माची यंत्रे आणि प्लाझ्मा-प्रक्रिया केलेले पाणी यांवर काम होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या लोकांच्या यू.डी.सी.टी.त, डॉ. उदय अन्नपुरे आणि सहकाऱ्यांनी अन्नधान्यावर थंड प्लाझ्मा वापरून पाहिला. बासमती तांदूळ त्यामुळे लवकर शिजतो असे त्यांना आढळले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उपयोग कदाचित औषधाच्या आधी घरात येईल. तो स्वतंत्र विषय आहे, पुन्हा कधीतरी.

घरात आज काय करायचे?

ग्राइफ्सवाल्डच्या त्या रोग्यांकडे पुन्हा वळू या. त्यांचा कॅन्सर तोंडाचा आणि मानेचा होता. आपल्या महाराष्ट्रात पुरुषांत तोंडाचा कॅन्सर फार आहे, आणि त्याचे कारण खिशातच असते. तंबाखू-चुना, गुटखा, मावा. बायाबापड्यांत मशेरी. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी मिळते ती मिळतेच. मशेरीला तर कोणी व्यसनच समजत नाही. "दात घासते, त्यात काय?" असे म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू.

तोंडाचा कॅन्सर पोटातल्या कॅन्सरसारखा लपून बसत नाही. आरशात दिसतो. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा अगर लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट लागताच आग होणे, मानेत न दुखणारी गाठ, यांतले काही असेल तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला तो सहसा दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होणारा हा कॅन्सर आहे. 'सुरी लागली की पसरतो' ही समजूत चुकीची आहे. पसरतो तो घरी बसून वाट पाहिल्याने.

उपचार चालू असलेल्या रोग्याला कोणी नवा उपाय सुचवला, प्लाझ्मा असो की दुसरे काही, तर चालू उपचार न सोडता आधी आपल्या डॉक्टरला विचारा. खरी चाचणी असेल तर ती रुग्णालयाच्या नीतिसमितीने मंजूर केलेली असते, सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, तुमच्याकडून समजेल अशा भाषेत लेखी संमती घेतात, आणि त्या प्रायोगिक औषधाचे पैसे मागत नाहीत. हे चार प्रश्न विचारले की खरा माणूस शांतपणे उत्तर देतो. लबाड असेल तो चिडतो किंवा 'आजच घ्या, उद्या भाव वाढेल' म्हणतो.

नाशिक शहरात कॅन्सरची शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांची सोय आता आहे. प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जा. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. कोणता उपचार बसतो आणि कोणते कागद लागतील, ते पैसे भरण्याआधी त्याला विचारून घ्या.